कवटी तिसऱ्यांदा रंगवली, तरी खेळण्यासारखीच दिसते: नेमकं कुठे बिनसतं?

कवटीची प्रतिकृती रंगवणाऱ्यांची तक्रार दर वेळी तीच. साचा चांगला होता, रेझिन स्वच्छ ओतलं गेलं, दातांच्या कडासुद्धा जशाच्या तशा उतरल्या. रंग न दिलेली प्रतिकृती हातात घेतली तेव्हा वाटलं, निम्मं काम इथेच झालं. मग अस्तर दिलं, त्यावर हस्तिदंती रंग, खाचाखाचांत तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग), कडांवर कोरड्या ब्रशने पांढरा, शेवटी वॉर्निश. सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि समोर उभं राहिलं ते खेळणं.

माझ्याकडची कोल्ह्याची कवटी अशी तीनदा रंगवून झाली होती. दर वेळी मी छटेला दोष देत होतो. पहिल्यांदा फार पिवळी वाटली म्हणून दुसऱ्यांदा करड्याकडे नेली. ती अगदीच सिमेंटची दिसली म्हणून तिसऱ्यांदा परत उबदार केली. चौथ्यांदा ब्रश उचलण्याआधी मूळ कवटी शेजारी ठेवली, दोन्हींचा मोबाइलवर एकच फोटो काढला आणि तो कृष्णधवल केला. मूळ कवटी त्यात जवळजवळ एकसारखी फिकट करडी होती. माझी मात्र झेब्र्यासारखी पट्ट्यापट्ट्यांची. पिवळं की करडं हा वाद मी विनाकारण घालत बसलो होतो. गडद आणि फिकट यांच्यातलं अंतरच दुपटीने जास्त झालं होतं.

म्हणून तुमची प्रतिकृती खोटी दिसत असेल तर नवा रंग कालवण्याआधी हा फोटो काढाच. मूळ नमुना हाताशी नसेल तर त्याच जातीच्या नमुन्याचा सपाट उजेडातला फोटो शेजारी लावा. फ्लॅशचा नको, फ्लॅश सगळी चमक पुसून टाकतो किंवा नको तिथे आणतो.

सावली रंगवली आहे का, ते आधी बघा

दहापैकी आठ वेळा दुखणं इथेच असतं. आपल्यापैकी बरेच जण लहान मूर्ती, सैनिक, गाड्यांची मॉडेल्स रंगवत रंगवत या कामाकडे आलेले असतात. तिथे खाचेत गडद आणि कडेवर फिकट हा नियम बरोबरच आहे. दोन इंचाच्या पुतळ्याच्या कपड्याच्या चुणीत खऱ्या माणसाच्या चुणीइतकी सावली पडत नाही, म्हणून ती रंगाने उभी करावी लागते.

कवटीची प्रतिकृती मात्र मूळ आकाराची असते. गालाच्या हाडाच्या कमानीखाली जेवढी सावली पडायला हवी, तेवढी खोलीतला उजेड आपोआप पाडतो. त्यावर आपण रंगाची दुसरी सावली चढवतो आणि डोळ्याला लगेच काहीतरी खटकतं. दिवा डावीकडून असो की उजवीकडून, रंगवलेली सावली जागची हलत नाही, हे त्यामागचं कारण. प्रतिकृती हातात घेऊन हळूहळू फिरवा. फिरवताना जे गडद पट्टे प्रकाशासोबत सरकत नाहीत आणि ज्यांना डाग म्हणण्यासारखं कारणही दिसत नाही, ते सगळे काढायचे.

कडांवर कोरड्या ब्रशने घासलेल्या पांढऱ्याचंही तसंच. खऱ्या हाडाच्या कडा उजळ असतीलच असं नाही. उलट हाताळलेल्या जुन्या कवटीच्या कडा बाकीच्या हाडापेक्षा मळकट आणि गुळगुळीत असतात, कारण बोटं तिथेच लागतात. अभ्यासाला रोज टेबलावर येणारी कवटी असेल तर कमानी, जबड्याचा कोन आणि डोक्याच्या मध्यावरचा कंगोरा मधासारखा पिवळसर झालेला दिसतो. आपण नेमके त्याच जागी पांढरं घासतो.

दुरुस्तीला सगळं खरवडायची गरज नाही. मूळ हाडाच्या सरासरी रंगात थोडं ग्लेझ मीडियम (रंग पारदर्शक करणारा द्रव) मिसळा, अर्धपारदर्शक थर करा आणि गडद खाचांवर स्पंजच्या कोपऱ्याने टेकवत जा. पहिल्या थरात फरक जाणवणार नाही. तिसऱ्या-चौथ्या थरापर्यंत पट्टे मागे सरतात. थोडे उरले तर उरू द्या, ते आता आतून आल्यासारखे दिसतात.

मग गडद करायचं तरी कुठे?

जिथे डाग पडायला कारण आहे तिथे. प्रतिकृती रंगवायला बसण्याआधी मी आता एका कागदावर त्या हाडाचा इतिहास चार ओळींत लिहितो. प्राणी कसा मेला ते नाही. मेल्यानंतर हाडाचं काय झालं ते. या चार ओळी लिहिल्या नाहीत तर हात सवयीने सगळीकडे सारखंच तपकिरी फासतो.

संग्रहातली, किड्यांकडून साफ करून घेतलेली आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवलेली कवटी असेल, तर ती जवळपास स्वच्छच असते. तिच्या शिवणी, म्हणजे कवटीच्या हाडांचे जोड, गडद नसतात; नीट पाहिलं तर शिवण ही रंगाची रेघ नसून नागमोडी फट असते आणि ती साच्यात आधीच उतरलेली असते. अशा कवटीवर वॉश लावायचं कारणच नाही. तिथे जो रंग दिसतो तो चरबीचा. मज्जेतली चरबी पूर्ण निघाली नसेल तर हाडाच्या जाड, जाळीदार भागांतून ती हळूहळू बाहेर झिरपते. लांब हाडांच्या दोन्ही टोकांना, जबड्याच्या सांध्याजवळ, कवटीच्या मागच्या जाड भागात पिवळसर, किंचित तेलकट, कडा विरघळलेले ठिपके येतात. त्यांना रेघ कधीच नसते.

मातीत पुरलेलं हाड वेगळं. तिथे लोह आणि मँगनीजची ऑक्साइडं पाण्याबरोबर आत शिरतात. लोहाने पिवळा, नारिंगी, तांबूस रंग येतो. मँगनीजने काळे-जांभळट ठिपके. स्नायू जिथे चिकटलेले होते तो खडबडीत भाग जास्त रंग धरतो, घट्ट गुळगुळीत भाग कमी. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे: अंबर नावाचा जो रंग आपण ट्यूबमधून काढतो, तो पारंपरिकरीत्या लोह आणि मँगनीजची ऑक्साइडं असलेली मातीच. ऑकरमध्येही लोहाचंच ऑक्साइड. म्हणजे जमिनीने हाडाला जे लावलं, तेच आपण ब्रशने लावतो. म्हणून तीन-चार तयार तपकिरी रंग आणण्यापेक्षा रॉ अंबर, बर्न्ट अंबर, यलो ऑकर आणि रॉ सिएना एवढ्यावर काम करा. कोरडी पूड वापरत असाल तर मास्क लावून. अंबरमधलं मँगनीज श्वासातून घ्यायची वस्तू नव्हे.

उघड्यावर पडून राहिलेल्या हाडाला वरची आणि खालची बाजू असते. वरची उन्हाने पांढरी, कोरडी, बारीक उभ्या चिरा गेलेली. खालची मातीच्या रंगाची. मध्ये ओबडधोबड सीमारेषा, कधी शेवाळाची हिरवट झाक. प्रतिकृतीत ही सीमारेषा चुकते ती अशी: लोक ती कवटी टेबलावर जशी ठेवतात त्या हिशोबाने आडवी काढतात. कवटी रानात तशी सरळ बसत नाही. खालचा जबडा गळून पडला की ती एका कुशीवर कलंडते. मी प्रतिकृती हलक्या हाताने टेबलावर सोडतो, ती जशी थांबेल तशी पेन्सिलने रेघ मारतो आणि त्या रेघेवरून रंग देतो.

सांगाड्यात सगळ्यात जास्त चुकीची रंगवली जाणारी गोष्ट म्हणजे सांबर-चितळाची मृगशिंगं. ती सरसकट तपकिरी नसतात. शिंगांवरची मखमली कातडी झडल्यावर प्राणी झाडाझुडपांवर शिंगं घासतो, सालीचा रस आणि वाळलेलं रक्त खाचांत बसतं, म्हणून बुंधा आणि खाचा गडद. टोकं घासून घासून फिकट, जवळजवळ पॉलिश केल्यासारखी. म्हणजे खाचेत गडद आणि कडेवर फिकट हा मूर्तीवाल्यांचा नियम इथे चक्क लागू पडतो. पण इथे तो लागू पडतो तो घासण्यामुळे, उजेडामुळे नाही.

चुना फासल्यासारखं पांढरं

छटा बरोबर, गडद-फिकट बरोबर, तरी पृष्ठभाग भिंतीसारखा दिसतो. याचं कारण बहुतेक वेळा टिटॅनियम व्हाइट. या पांढऱ्या कणांचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं माप) सुमारे २.७ आहे आणि ॲक्रिलिकच्या बाइंडरचा, म्हणजे कण धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा, सुमारे १.५. एवढा फरक असला की प्रकाश पहिल्या काही कणांवरच आपटून परत फिरतो. हाडात असं होत नाही. तिथे प्रकाश थोडा आत शिरतो, पसरतो, मग बाहेर येतो. हाडाची जी मऊ उजळ चमक आपल्याला जाणवते ती या आत-बाहेर जाण्याची.

रंगाने ती शंभर टक्के आणता येत नाही, पण बरीच जवळ नेता येते. तळाला अपारदर्शक फिकट रंग चालतो, त्यात टिटॅनियम असू द्या. त्यावरचे सगळे थर मात्र पारदर्शक हवेत: भरपूर मीडियम, नावाला रंग. वरून पांढरट झाक द्यायचीच असेल तर टिटॅनियमऐवजी झिंक व्हाइट वापरा, ते बरंच पारदर्शक असतं. पाच पातळ थरांना एका जाड थरापेक्षा वेळ जास्त लागतो, हे खरं. पण ॲक्रिलिकचा पातळ थर वाळायला काही मिनिटंच लागतात; लागतो तो संयम.

आणखी एक बारकावा. डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत किंवा नाकाच्या बाजूचं हाड इतकं पातळ असतं की त्यामागची अंधारी पोकळी त्यातून जाणवते. तिथे खरं हाड किंचित निळसर-करडं दिसतं. रेझिन तिथे ठोकळ्यासारखं भरीव असेल तर अल्ट्रामरिन आणि रॉ अंबरचं अगदी विरळ ग्लेझ द्या. हा भाग दिला की कवटी एकदम हलकी वाटू लागते, उचलायच्या आधीच.

पुढच्या वेळी ओतताना रेझिनमध्येच थोडा फिकट पिवळसर रंग मिसळलात तर कुठे टवका उडाला तरी आतून पांढरंफटक डोकावणार नाही. पॉलियुरेथेन रेझिन असेल तर पूड पूर्ण कोरडी हवी. त्याचा एक घटक ओलाव्याशी कार्बन डायऑक्साइड तयार करतो आणि प्रतिकृतीत फुगे येतात. रेझिनचा रंग उघडा ठेवून त्यावर विसंबू नका. प्रकाशात पॉलियुरेथेन कालांतराने पिवळं पडतं.

एकच वॉर्निश सगळीकडे

दुसरी मोठी चूक ही. आणि ही शेवटच्या पाच मिनिटांत होते, सगळं नीट झाल्यावर.

खऱ्या कवटीवर निदान चार प्रकारची चमक असते. तुटलेला जाळीदार भाग पूर्ण निस्तेज. कवटीची पाठ किंचित मंद. सांध्याचे पृष्ठभाग आणि हाताळलेले कंगोरे रेशमी. दातांचं इनॅमल ओलं असल्यासारखं. यावर एकाच डब्यातलं वॉर्निश फवारलं की चारही जागा एका पदार्थाच्या होऊन जातात, आणि एकाच पदार्थाची वस्तू म्हणजे प्लास्टिक.

मी आधी सगळीकडे मॅट देतो. तो पूर्ण वाळला की कंगोरे आणि सांधे मऊ सुती कापडाने घासतो. मॅटचा खरखरीतपणा घर्षणाने थोडा बसतो आणि तिथे आपोआप मंद झळाळी येते, हुबेहूब हाताळल्यासारखी. सॅटिन वॉर्निशची बाटली त्यानंतर गरज पडलीच तर. ग्लॉस फक्त दातांना, तोही फक्त इनॅमलच्या हद्दीत.

ही हद्दच सगळे विसरतात, म्हणून दातापाशी जरा थांबतो. कोल्ह्याचा सुळा घ्या. वरचा मुकुट इनॅमलचा: चकचकीत, थोडा पारभासक, टोकाकडे किंचित करडा. हिरडीच्या जागी एक स्पष्ट रेघ आणि त्याखाली मूळ: निस्तेज, पिवळट, हाडापेक्षाही जरा गडद. वापराने टोक झिजलं असेल तर मध्ये तपकिरी ठिपका दिसतो, तो आतल्या डेंटिनचा. मुकुट आणि मूळ एका रंगाने एका चमकेने रंगवले की दात जबड्यात रुतलेला न दिसता वरून चिकटवलेला दिसतो. आता उंदीर किंवा साळिंदराची कवटी घ्या. पुढचे कृंतक दात नारिंगी असतात, त्यांच्या इनॅमलमध्ये लोह असतं म्हणून. पण इनॅमल त्या दाताच्या फक्त पुढच्या बाजूला असतं. मागची बाजू डेंटिनची, फिकट. त्यामुळेच दात छिन्नीसारखा झिजून धारदार राहतो. सगळा दात गोल फिरवून नारिंगी रंगवलेली प्रतिकृती पाहिली की रंगवणाऱ्याने मूळ दात उलटून पाहिलेला नाही, हे कळतं. मीही पहिल्या साळिंदराला तसाच रंगवला होता.

मॅट वॉर्निश मारल्यावर गडद जागी पांढुरकं धुकं आलं असेल तर तीन शक्यता: डबा नीट ढवळला नव्हता आणि तळाशी बसलेली मॅट करणारी भुकटी एकदम आली, थर जाड झाला, किंवा हवेत दमटपणा फार होता. वाळल्यावर त्यावर ग्लॉसचा एक पातळ थर द्या. धुकं म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा असतो, तो भरला की रंग परत खुलतो. मग दमट नसलेल्या दिवशी पुन्हा मॅट, पातळ.

रंग सोलतो, चिकट राहतो, त्यात खड्डे पडतात

यात कलेचा काही संबंध नाही, म्हणून थोडक्यात. सोलतो तो साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या रिलीजमुळे. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. मग वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. मग उघड्या बोटांनी न धरणं. अस्तर वाळल्यावर एका न दिसणाऱ्या जागी चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला तर पुढे जाऊच नका. रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडत असतील तर पृष्ठभागावर सिलिकॉनचं तेल आहे. तेच पुन्हा, जास्त मन लावून.

चिकट राहत असेल तर बहुधा रंग नव्हे, रेझिनच कच्चं आहे. दोन घटकांचं प्रमाण चुकलं किंवा नीट ढवळलं गेलं नाही. त्यावर कितीही थर द्या, खालून तो ओलावा वर येत राहतो. ती प्रतिकृती बाजूला ठेवा आणि नवी ओता. वाईट वाटतं, पण त्यावर घालवलेले आठवडे जास्त वाईट.

प्लास्टरच्या प्रतिकृतीला आधी सील करावं लागतं, नाहीतर ती एका जागी रंग पिते आणि दुसऱ्या जागी नाही. शेलॅकने सील केलं असेल तर वर अल्कोहोल लावू नका. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि सगळं काम चिखल होऊन हातात येतं.

वॉश वाळल्यावर कडेला गडद गोल रेघ उरते तीही नेहमीची. थेंबाची कड आधी वाळते, आतलं पाणी कडेकडे धावतं आणि रंगाचे कण तिकडे वाहून नेतं. नुसत्या पाण्याऐवजी ग्लेझ मीडियम घ्या, आधी पृष्ठभाग जरा ओलसर करा, आणि थेंब साचू न देता स्पंजने टिपत राहा.

टेबलावर हुबेहूब, कपाटात खोटं

मूळ आणि प्रतिकृती शेजारी ठेवून जुळवली, शब्दशः फरक कळत नव्हता, आणि काचेच्या कपाटात ठेवल्यावर एक हिरवट दिसू लागली. दोन पृष्ठभाग एका दिव्याखाली जुळले तरी दुसऱ्याखाली जुळतीलच असं नाही, कारण दोघांतले रंगद्रव्य वेगळे आणि प्रत्येक दिव्यातल्या लाटांचं मिश्रण वेगळं. खिडकीशी रंग जुळवून पिवळ्या दिव्यात ठेवणं म्हणजे अर्ध्या मापावर कपडा शिवणं. जिथे ठेवायची आहे तिथला दिवा कोणता ते आधी विचारा आणि तसाच टेबलावर लावा. तो कळत नसेल तर रंगदर्शकता (डब्यावर CRI लिहितात ती) ९० च्या वर असलेला एलईडी घ्या आणि शेवटची तपासणी दिवसाच्या उजेडातही करा. कमी रंगद्रव्यांत केलेलं मिश्रण अशा वेळी कमी दगा देतं.

आणि हो, ॲक्रिलिक ओलं असताना फिकट दिसतं, कारण बाइंडर दुधाळ असतो. वाळल्यावर एक पायरी गडद होतं. ओल्या रंगाची मूळ हाडाशी तुलना करून समाधान मानू नका.

जीवाश्माची प्रतिकृती

इथे पहिला प्रश्न: कुठल्या थरातलं? एकाच जातीचं हाड एका ठिकाणी काळं आणि दुसऱ्या ठिकाणी फिकट तपकिरी निघतं, कारण रंग प्राण्याचा नसून भोवतालच्या खनिजांचा आहे. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ इथल्या डांबरात सापडलेली स्मिलोडॉनची हाडं गडद तपकिरी आहेत, डांबर मुरलेलं असल्यामुळे. स्मिलोडॉन म्हणजे लांब सुळ्यांचा तो मार्जारवर्गीय. त्याची कवटी पांढरी रंगवून वर तपकिरी वॉश दिला तर ती ला ब्रेआची वाटणार नाही. तिचा तळच गडद उबदार तपकिरी हवा आणि उजळ भाग त्यातून हळूहळू वर काढायचे. जर्मनीतल्या झोल्नहोफेनचा चुनखडक याच्या दुसऱ्या टोकाला: फिकट मलई रंगाचा. आर्किओप्टेरिक्स या पिसं असलेल्या आद्य पक्ष्याची पाटी करताना खडकाला जास्त वेळ द्यावा लागतो, हाडांना कमी.

त्याच चुनखडकावर फांद्यांसारखी काळी नक्षी दिसते, ती वनस्पतीची नाही. मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं भेगांतून आणि थरांच्या मधून पसरताना तशी वाढतात. म्हणून ती मोकळ्या मैदानात सुरू होत नाही, एखाद्या चिरेपासून किंवा कडेपासून निघते. बारीक ब्रशने कुठेही काढली तर ती झाडाच्या चित्रासारखी दिसते.

जीवाश्मातल्या दातांचं इनॅमल हाडापेक्षा वेगळा रंग घेतं, बऱ्याचदा जास्त गडद आणि चमकदार. ताज्या तुटीचा रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा. आणि मूळ नमुन्यातच कुणी तुटलेला भाग भरून काढला असेल तर प्रतिकृतीत तोही तसाच, सपाट आणि निर्जीव दाखवा. तो भरलेला भागही त्या नमुन्याच्या इतिहासाचाच आहे. खऱ्या हाडाइतकाच सुंदर रंगवून तुम्ही अभ्यास करणाऱ्याला फसवता.

अंडी आणि मासे

अंड्यावरचे ठिपके वरून शिंपडलेले दिसत असतील तर ते सगळे एकाच थरात आहेत. कवच तयार होत असताना रंगद्रव्य वेगवेगळ्या वेळी पडतं. आधी पडलेले ठिपके कवचाच्या आत गाडले जातात आणि करडे-जांभळट दिसतात. शेवटी पडलेले वर राहतात, तपकिरी ते काळे. म्हणून आधी तपकिरी ठिपके, मग कवचाच्या रंगाचा अर्धपारदर्शक पडदा, मग दुसरे ठिपके. रंग दोनच रंगद्रव्यांभोवती फिरतात: निळा-हिरवा बिलिव्हर्डिनचा, तांबूस-तपकिरी प्रोटोपॉर्फिरिनचा. ठिपक्यांची गर्दी बहुधा जाड टोकाकडे. टूथब्रशने उडवलेले ठिपके सगळीकडे सारखे पडतात, म्हणून खोटे वाटतात.

माशाची चंदेरी झाक ॲल्युमिनियमच्या रंगाने आणू नका. माशाच्या कातडीत ग्वानिनचे सपाट स्फटिक असतात आणि चमक त्यांच्यावरून परत येणाऱ्या प्रकाशाची असते. अभ्रकावर टिटॅनियम डायऑक्साइडचा थर असलेली इंटरफेरन्स रंगाची पूड त्याला सर्वांत जवळची. ती गडद तळावर द्या. पांढऱ्या तळावर तिचा रंग धुऊन जातो. आणि माशाचे फोटो तो पाण्यातून निघाल्या निघाल्या काढलेले हवेत, कारण मेल्यावर रंग फार लवकर उतरतात.

खूण करायची राहू नये

माकड आणि माणूस यांच्यातला दुवा म्हणून १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये जाहीर झालेल्या पिल्टडाउन माणसाची लबाडी १९५३ मध्ये उघडी पडली. त्यातले दात कानशीने घासलेले आणि हाडं रसायनांनी मुद्दाम रंगवलेली निघाली. १९१३ मध्ये सापडलेल्या सुळ्यावर तर चक्क व्हॅन डाइक ब्राउनसारखा रंग होता. म्हणजे आपण ज्या ट्यूबा वापरतो त्यांतल्याच एका रंगाने एवढे लोक चाळीस वर्षं फसले. त्यामुळे माझी एक सवय: रंगवण्याआधीच, मेंदूच्या पोकळीत मागच्या मोठ्या छिद्रातून दिसेल अशा जागी, ‘प्रतिकृती’, मूळ नमुन्याचा क्रमांक आणि वर्ष. वर सीलरचा थेंब. शंका आली तर अतिनील दिव्याखाली धरूनही कळतं; खरं हाड त्यात निळसर-पांढरं चमकतं आणि रंग तसा चमकत नाही. हा फरक लपवायचा प्रयत्न कुणी करू नये.

कोल्ह्याच्या कवटीचं चौथ्यांदा काय झालं? तिला खरवडलं नाही. कमानीखालच्या आणि खोबणीतल्या रंगवलेल्या सावल्या हाडाच्या रंगाने चार थरांत मागे सारल्या, कडांवरचं पांढरं ऑकरच्या ग्लेझने मळवलं, सुळ्यांच्या मुळांवरचा ग्लॉस बारीक पॉलिश पेपरने उतरवला आणि डोक्यावरचा कंगोरा जुन्या बनियनच्या तुकड्याने दहा मिनिटं घासला. नवा रंग जेमतेम नखाएवढा लागला. परत कृष्णधवल फोटो काढला तेव्हा झेब्रा गेला होता, पण खालच्या जबड्याची डावी बाजू अजूनही जरा गडद येते. तिथे साच्याच्या जोडाची रेघ घासताना माझा हात जोरात चालला होता आणि खरखरीत झालेल्या त्या जागेने रंग जास्त धरला. त्या जागेला आता आधी गुळगुळीत करायचं आहे, रंग नंतर.